पर्थच्या टेपा आणि आपल्या कपाटातली डिस्क



आपल्या मॉरिशसमधल्या पुष्कळ मराठी घरांतले कोणी ना कोणी आज ऑस्ट्रेलियात आहे. कुणाचा मुलगा मेलबर्नला, तर कुणाची बहीण पर्थला. ही मंडळी सुटीत घरी येतात तेव्हा बॅगेत खाऊ असतो, आणि हल्ली एखादी हार्ड डिस्कही असते. "आई, सगळे फोटो यात घालून ठेव," असे सांगून ती आपल्या हातात देतात. आपण फोटो घालतो, डिस्क रुमालात गुंडाळून कपाटात ठेवतो आणि काम झाले असे समजतो. ते खरोखर झाले का, हे पाहण्यासाठी पर्थ शहरातच घडलेली एक गोष्ट सांगते.

चंद्रावरची धूळ

१९६९ सालच्या जुलै महिन्यात अपोलो ११ चे अंतराळवीर चंद्रावर उतरले. त्यांनी तेथे मांडून ठेवलेल्या उपकरणांबरोबर काडेपेटीएवढे एक लहानसे यंत्र होते. त्याचे वजन सुमारे २७० ग्रॅम. ब्रायन ओब्रायन या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांची ती कल्पना. त्या काळात ते अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात शिकवीत होते. यंत्रात छोटे सौरघट होते. घटावर धूळ बसली की ऊन कमी पोहोचायचे, वीज कमी तयार व्हायची, आणि त्यावरून धुळीचा हिशेब पृथ्वीवर कळायचा. असेच यंत्र पुढे अपोलो १२, १४ आणि १५ या मोहिमांबरोबरही गेले.

चंद्रावरून आलेली मोजमापे चुंबकीय टेपांवर नोंदली जात. त्या टेपांची एक प्रत ओब्रायन यांच्याकडे ऑस्ट्रेलियात येत असे. १९७१ मध्ये ते पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाचे प्रमुख म्हणून पर्थला आले, आणि टेपाही पर्थला आल्या. पुढे पस्तीस वर्षे त्यांची आठवण कुणाला झाली नाही.

२००६ मध्ये ओब्रायन यांना कळले की नासाकडचा मूळ संच सापडत नाही. ज्या संस्थेने माणूस चंद्रावर उतरवला, तिच्याकडून या टेपा गहाळ झाल्या होत्या! शोधाशोध झाली तेव्हा पर्थच्या कर्टिन विद्यापीठात सुमारे १७० टेपा निघाल्या. हिंदी महासागराच्या काठी, मूळ जागेपासून अर्ध्या जगाच्या अंतरावर, दुसरी प्रत राहिली होती.

पण गोष्ट येथे संपत नाही. टेपा सापडल्या तरी त्या वाचायच्या कशावर? त्या सात पट्ट्यांच्या जुन्या पद्धतीने भरलेल्या होत्या. त्या वाचू शकणारे यंत्र म्हणजे १९६० च्या दशकातला, घरातल्या फ्रिजएवढा, आयबीएम ७२९ मार्क ५ हा टेप ड्राइव्ह. बाजारातून तो केव्हाच गेलेला. अखेर ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर म्युझियम सोसायटीकडे एक नग असल्याचे समजले. २००८ मध्ये पर्थच्या स्पेक्ट्रमडेटा या कंपनीने तो उसना आणून दुरुस्तीला घेतला. आतले विद्युत भाग जुने आणि मळलेले. एकेक भाग तपासून ते धूड पुन्हा चालते करायचे, असे ते काम होते.

या निमित्ताने सगळा जुना विषय उजेडात आला. अपोलोच्या तीन यंत्रांच्या मोजमापांचा नव्याने अभ्यास होऊन २०१३ मध्ये ओब्रायन आणि त्यांची तरुण सहकारी मोनिक हॉलिक यांचा निबंध प्रसिद्ध झाला. चंद्रावर हजार वर्षांत सुमारे एक मिलिमीटर धूळ साचते, हा त्याचा निष्कर्ष. आधीच्या अंदाजापेक्षा हा वेग दहापट होता. ओब्रायन २०२० मध्ये वारले.

त्याच अपोलो ११ ची दुसरी हकीकत याच्या उलट आहे. नील आर्मस्ट्राँग यांच्या पहिल्या पावलाचे चित्र जगाला दिसले ते कॅनबेराजवळच्या हनीसकल क्रीक केंद्रातून. थोड्याच मिनिटांत पार्क्सच्या मोठ्या दुर्बिणीतून आलेले चित्र दाखवले जाऊ लागले. ऑस्ट्रेलियात उतरलेले ते चित्र आपण टीव्हीवर पाहतो त्यापेक्षा स्पष्ट होते. ते टेपांवर नोंदून टेपा अमेरिकेला पाठवल्या गेल्या. पुढे त्यांचा कसून शोध झाला. २००९ मध्ये नासाने सांगितले, की बहुधा त्या टेपा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात. टेपांची टंचाई होती, म्हणून जुन्यांवर नवे भरले! शेवटी टीव्ही केंद्रांकडच्या दुय्यम प्रती साफसूफ करून त्यांवर भागवावे लागले.

या दोन्ही हकीकतींतून एकच गोष्ट शिकायची. वस्तू जपणे म्हणजे ती एका जागी नीट ठेवणे नव्हे. तिची दुसरी प्रत दुसऱ्या जागी हवी, आणि ती वाचणारे यंत्र आज चालू स्थितीत हवे. यांतले एक नसेल तर दुसऱ्याचा उपयोग नाही.

माझ्या घरची गोष्ट

हे मी केवळ वाचून सांगत नाही. माझ्या आईच्या आवाजातल्या ओव्या आणि झाकरीची गाणी आमच्याकडे दोन कॅसेटांवर होती. एकूण अकरा गाणी. काही वर्षांपूर्वी ती मी हौसेने संगणकावर घेतली, तेथून एका हार्ड डिस्कवर हलवली, आणि "आता कशाला हवा हा पसारा" म्हणून कॅसेटा टाकून दिल्या. पुढे एक दिवस केबलला कुणाचा तरी पाय अडकला आणि चालू डिस्क टेबलावरून खाली पडली. आतून टक्-टक् आवाज येऊ लागला. मी ती पुन्हा पुन्हा लावून पाहत राहिले. नंतर दुरुस्तीवाल्याने सांगितले, की पडण्याने झाले त्याहून जास्त नुकसान माझ्या त्या खटपटीने झाले. ऑस्ट्रेलियातल्या भाच्याला मी पूर्वी तीन गाणी पाठवली होती, तेवढीच आज उरली आहेत. बाकी आठ गाण्यांतल्या काही ओळी मला पाठ आहेत, पण आईचा आवाज गेला तो गेलाच.

शाळेत मुलांना मी सांगत असते, उत्तर लिहून झाले की पुन्हा तपासा. घरी मी स्वतःच तपासले नाही.

डिस्क घेताना

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिली साधी हार्ड डिस्क. हिच्यात चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात आणि वाचणारे टोक त्यांच्यापासून केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगते. म्हणून चालू असताना बसलेला धक्का तिला सोसत नाही. मात्र पैशांच्या मानाने जागा भरपूर मिळते. दुसरा प्रकार एसएसडी. हिच्यात फिरते काही नसते, त्यामुळे ती वेगवान आणि धक्क्याला दणकट. पण माहिती विजेच्या भारावर टिकलेली असते. विजेशिवाय वर्षानुवर्षे कपाटात ठेवण्यासाठी एकमेव प्रत म्हणून ती वापरू नये. तिसरा प्रकार पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड. हे नेण्या-आणण्यासाठी ठीक. साठवण म्हणून त्यांच्यावर विसंबू नका.

किती मोठी घ्यावी? फोनमधला एक फोटो ४ एमबीचा धरला तर १ टीबीच्या डिस्कवर सुमारे अडीच लाख फोटो मावतात. बहुतेक घरांना एवढे पुरे. संगणकावर ती ९३१ जीबीच दिसली तर दुकानदाराने फसवले असे समजू नका. कंपनी हजाराच्या पटीने मोजते आणि विंडोज १,०२४ च्या पटीने, एवढाच फरक. उलट अगदी थोड्या पैशांत २ टीबीचा पेन ड्राइव्ह कुणी देऊ लागला तर मात्र सावध राहा. खोटी क्षमता दाखवणारे नग विकले जातात. ते भरत जातात, आणि नंतर उघडून पाहावे तर फाइली नासलेल्या.

ऑस्ट्रेलियातून कुणी आणणार असेल तर लहान, अडीच इंची डिस्क सांगा. ती संगणकाच्या यूएसबी केबलवरच चालते. मोठ्या, साडेतीन इंची डिस्कला वेगळी वीज लागते. व्होल्टेज दोन्हीकडे २३०च आहे, पण तिकडच्या प्लगच्या तिरक्या पट्ट्या आपल्या सॉकेटमध्ये बसत नाहीत.

प्रती ठेवताना

जाणकार मंडळी तीन-दोन-एकचा नियम सांगतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आपल्यासाठी याचा अर्थ सोपा आहे. एक प्रत संगणकावर, दुसरी डिस्कवर, आणि तिसरी क्लाउडवर किंवा ऑस्ट्रेलियातल्या मुलाकडे. २०१३ च्या मार्चमध्ये पोर्ट लुईत आलेला पूर आणि २०२४ च्या जानेवारीतले बेलाल वादळ आपण पाहिले आहे. एकाच घरातल्या तीन प्रती एकाच पाण्यात जातात.

डिस्कवर प्रत घेतली की ती काढून ठेवा. कायम जोडून ठेवलेल्या डिस्कपर्यंत संगणकातला विषाणू पोहोचतो, विजेचा झटकाही पोहोचतो. फोन आपोआप क्लाउडशी जुळवून घेतो त्यालाच प्रत समजू नका. अशा व्यवस्थेत फोनवरचा फोटो पुसला की वरचाही पुसला जाऊ शकतो. आणि वर्षातून एकदा डिस्क लावून पाच-सहा फाइली उघडून पाहा. न उघडलेल्या प्रतीचा भरवसा धरू नये.

आधी काय वाचवावे? जे पुन्हा मिळणार नाही ते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेच्या अभिलेखागारातून आणलेला पणजोबांच्या कागदाचा उतारा पुन्हा मागता येईल. आजीचा आवाज कोणत्याही कचेरीत मिळणार नाही. घरात लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटा असतील तर आणखी थांबू नका. कॅनबेराच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी अभिलेखागाराने २०१५ मध्येच इशारा दिला होता, की २०२५ पर्यंत ज्या टेपांच्या डिजिटल प्रती होणार नाहीत त्या बहुतेक गमावल्यात जमा होतील. टेपा झिजतात हे एक कारण. त्या चालवणारी यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात संपत चालले आहेत, हे दुसरे. ते वर्ष आले. चालणारा प्लेयर कुणाकडे असेल तर आजच विचारा. आणि माझ्यासारखी चूक करू नका. प्रत झाली तरी मूळ कॅसेट टाकू नका.

बिघडली तर

डिस्क दिसत नसेल तर प्रथम केबल बदला, मग संगणकाचे दुसरे छिद्र, मग दुसरा संगणक. पुष्कळदा दोष केबलचाच निघतो. "फॉरमॅट करायचे का?" असे पडद्यावर विचारले तर नाही म्हणा. हो म्हटले की माहिती परत मिळवणे कठीण होते. डिस्कवर जागा असूनही लग्नाचा मोठा व्हिडिओ तीवर जात नसेल, तर ती बहुधा एफएटी३२ पद्धतीची असेल. त्या पद्धतीत ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. आतली माहिती दुसरीकडे काढून घेऊन डिस्क एक्सफॅट पद्धतीने पुन्हा तयार करा.

डिस्क मंद झाली, मधेच अडकू लागली, तर दुरुस्तीचे प्रोग्रॅम चालवण्याआधी महत्त्वाच्या फाइली उतरवून घ्या. आधी प्रत, मग दुरुस्ती. टक्-टक् आवाज आला तर लगेच बंद करा आणि पुन्हा लावू नका. उघडून पाहू नका. फ्रिजमध्ये ठेवण्याचा उपाय कुणी सांगितला तर ऐकू नका. भिजलेली डिस्क वीज न लावता तज्ज्ञाकडे न्या. माहिती मोलाची असेल तर खर्चाची तयारी ठेवा. तसा खर्च एका नव्या डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

ओब्रायन यांच्याकडची प्रत वाचली ती कुणी फार हुशारीने योजना केली म्हणून नव्हे, तर ती दुसऱ्या गावी होती आणि कुणी टाकून दिली नाही म्हणून. आपल्याला योजना करणे शक्य आहे. गणेश चतुर्थीच्या सुटीत घरातले सगळे जमतात. आरती आटोपली, जेवणे झाली की एक तास काढा. डिस्क लावा, उघडते का पाहा, नवे फोटो भरा, आणि एक प्रत परगावच्या माणसाच्या हाती द्या. आजी-आजोबा समोर बसलेले असतील तर त्यांच्याकडून एक ओवी, एक जुनी आठवण फोनवर भरून घ्या. त्या फाइलीला त्यांचे नाव आणि तारीख घाला.

मग तिच्या तीन प्रती करा, आणि त्याच दिवशी करा.