ग्रंथपालांची जडणघडण आणि ग्रंथालय संघ

सायंकाळी गावातील वाचनालयाचे दार उघडते. वृत्तपत्रे मांडणे, देवघेवीची नोंद करणे, नव्या पुस्तकांची दाखल नोंदवही लिहिणे, वर्गणी जमा करणे आणि अनुदानासाठी लागणारी कागदपत्रे तयार करणे ही सर्व कामे बहुधा एकच व्यक्ती करीत असते. ती व्यक्ती म्हणजे ग्रंथपाल. शिक्षकास आपल्या शाळेत सहकारी शिक्षक भेटतात. ग्रामसेवकास पंचायत समितीच्या बैठकीत आपल्यासारखेच काम करणारे दहा-वीस जण भेटतात. लहान ग्रंथालयातील ग्रंथपालास मात्र आपल्या कामातील शंका विचारावी असा सहकारी त्या गावात सहसा नसतो. एकदा घेतलेले प्रशिक्षण हीच त्याची आयुष्यभराची शिदोरी ठरते आणि एकदा झालेली चूक वर्षानुवर्षे तशीच चालू राहते.

ही उणीव भरून काढण्याचे प्रमुख साधन म्हणजे ग्रंथालय संघ. संघ हे अनुदानाच्या मागण्या मांडण्याचे व्यासपीठ आहे, एवढीच त्याची ओळख अनेकांना असते. ग्रंथपालास घडविणारी शाळा हे त्याचे दुसरे आणि अधिक टिकाऊ कार्य होय.

नागपूरचे अधिवेशन

या कार्याशी नागपूरचा संबंध जुना आहे. भारतीय ग्रंथालय संघाची स्थापना 1933 मध्ये कलकत्ता येथील पहिल्या अखिल भारतीय ग्रंथालय परिषदेत झाली. या परिषदेचे आठवे अधिवेशन 1949 मध्ये नागपूर येथे भरले. डॉ. शि. रा. रंगनाथन त्या वेळी संघाचे अध्यक्ष होते. देश नुकताच स्वतंत्र झाला होता. कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्ये आणि मद्रास प्रांताने 1948 मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला होता. मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी असलेल्या नागपुरास मात्र असा कायदा लाभला नव्हता. तो लाभण्यासाठी विदर्भातील ग्रंथालयांना आणखी जवळजवळ दोन दशके वाट पाहावी लागली. कायदा नसलेल्या प्रदेशातही ग्रंथपाल एकत्र येऊ शकतात आणि आपल्या व्यवसायाचा विचार करू शकतात, ही गोष्ट त्या अधिवेशनाने दाखवून दिली.

मद्रासचा धडा

स्वतः डॉ. रंगनाथन यांचे चरित्र या दृष्टीने उद्बोधक आहे. ते मूळचे गणिताचे अध्यापक. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांना ग्रंथालयशास्त्राचे कोणतेही शिक्षण मिळालेले नव्हते. ते लंडन येथे जाऊन त्यांनी घेतले. परंतु परत आल्यावर हे ज्ञान त्यांनी आपल्या ग्रंथालयापुरते ठेवले नाही. 1928 मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला आणि त्याच्या चिटणीसपदाची धुरा त्यांनी वाहिली. संघाने 1929 मध्ये ग्रंथपालांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केला. पुढे 1931 मध्ये तो विद्यापीठाने आपल्याकडे घेतला. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगणारा त्यांचा जगप्रसिद्ध ग्रंथही 1931 मध्ये याच संघाने प्रकाशित केला.

येथील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी संघ, नंतर वर्ग आणि त्यानंतर विद्यापीठाचा अभ्यासक्रम. इतर ग्रंथपालांना शिकविण्याची जबाबदारी अंगावर आल्यामुळे डॉ. रंगनाथन यांनाही आपले विचार सुसंगत रीतीने मांडावे लागले. शिकविणाराच अधिक शिकतो, हा शिक्षकांचा नित्याचा अनुभव ग्रंथपालांनाही तितकाच लागू पडतो.

कायद्याने दिलेले स्थान

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967 मध्ये संमत झाला आणि 1 मे 1968 पासून अमलात आला. त्यानुसार ग्रंथालय संचालनालय व राज्य ग्रंथालय परिषद या यंत्रणा निर्माण झाल्या. राज्य, विभाग आणि जिल्हा या तिन्ही पातळ्यांवरील ग्रंथालय संघांना मान्यता व सहायक अनुदान देण्याची व्यवस्था झाली आणि परिषदेवर संघांच्या प्रतिनिधींना स्थान मिळाले. अनेक जिल्ह्यांत ग्रंथालयशास्त्राच्या प्रमाणपत्र परीक्षेचे वर्ग संघांमार्फत चालविले जातात. गावातच राहून ग्रंथालय सांभाळणाऱ्या सेवकास विद्यापीठातील पदवी अभ्यासक्रम परवडणारा नसतो. त्याच्यासाठी शास्त्रशुद्ध शिक्षणाची पहिली पायरी हे वर्गच आहेत.

नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे 6 जिल्हे येतात. विभागीय ग्रंथालय आणि विद्यापीठाचा ग्रंथालयशास्त्र विभाग नागपूर शहरात आहेत. गडचिरोलीच्या दुर्गम तालुक्यातील ग्रंथपालास तेथे वारंवार येणे शक्य नसते. अशा वेळी जिल्हा संघाचे एक दिवसाचे शिबिरही त्याच्या दृष्टीने मोलाचे ठरते.

एका पुस्तकाचा प्रश्न

संघातील चर्चेने नेमके काय साधते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ विदर्भातील असंख्य वाचनालयांत आहे. ती कपाटात कोठे ठेवावी? ती ओवीबद्ध असल्यामुळे ड्यूई दशांश पद्धतीनुसार मराठी काव्यात, म्हणजे 891.461 या वर्गांकाखाली, ठेवता येते. संतवाङ्मय मानल्यास ती 294.5 या हिंदू धर्माच्या वर्गात जाते. तिचा विषय ग्रामरचना व ग्रामोद्धार हा असल्याने ग्रामीण समाजाच्या 307.72 या वर्गांकावरही तिचा हक्क पोहोचतो. तालिकेत ग्रंथकाराची नोंद ‘तुकडोजी महाराज’ अशी करावी की ‘राष्ट्रसंत’ या शब्दापासून करावी, हा आणखी एक प्रश्न. नागपूरचे कवी ग्रेस यांची नोंद त्या नावाने करावी की माणिक गोडघाटे या नावाने, हाही त्याच जातीचा प्रश्न आहे.

ग्रंथपाल एकटा असेल तर तो आपल्या समजुतीप्रमाणे निर्णय घेतो. पुढे तोच निर्णय विसरून दुसरी प्रत दुसऱ्या कपाटात ठेवतो. परिणामी ग्रामपंचायतीचा एखादा सदस्य ‘ग्रामगीता’ मागावयास येतो आणि पुस्तक ग्रंथालयात असूनही त्यास रिकाम्या हाताने परतावे लागते. हाच प्रश्न जिल्हा संघाच्या बैठकीत मांडला गेला, तर पाच-सहा जणांचा अनुभव पुढे येतो, एक पद्धत ठरते आणि वर्गांक कोणताही निवडला तरी अन्य विषयांखाली जोडनोंद करण्याची शिस्त सर्वांस लागते. ई-ग्रंथालय किंवा कोहा यांसारख्या संगणक प्रणालींत नोंदी करताना ही एकवाक्यता अधिकच आवश्यक असते. कारण ग्रंथकाराचे नाव दोन तऱ्हांनी लिहिले गेल्यास संगणक त्या दोन भिन्न व्यक्ती समजतो.

सदस्यत्व आणि सहभाग

वार्षिक वर्गणी भरून अधिवेशनास उपस्थित राहणे एवढ्याने व्यावसायिक विकास होत नाही. परिसंवादात टिपण वाचणे, वर्गात एखादा विषय शिकविणे, संघाच्या पत्रिकेसाठी लिहिणे, शेजारच्या ग्रंथालयांची सामाईक सूची तयार करणे, हिशेब सांभाळणे आणि सभा चालविणे या कामांतून ग्रंथपालाच्या अंगी जे गुण येतात, ते कोणत्याही परीक्षेने येत नाहीत. जो ग्रंथपाल संघाच्या सभेत निर्भयपणे बोलावयास शिकतो, तोच आपल्या कार्यकारी मंडळापुढे बालविभागासाठी तरतूद मागू शकतो.

येथे एका उणिवेचाही उल्लेख करणे आवश्यक आहे. जिल्हा संघांचे सदस्यत्व मुख्यतः ग्रंथालयांकडे असते. त्यामुळे बैठकीस संस्थेचे अध्यक्ष किंवा कार्यवाह जातात आणि प्रत्यक्ष देवघेवीच्या टेबलाशी बसणारा सेवक गावातच राहतो. कार्यकर्त्यांचे योगदान मोठेच आहे. तथापि सेवकास वगळून झालेली चर्चा अनुदान, इमारत आणि तपासणी यांभोवतीच फिरत राहण्याचा धोका असतो. मग वाचकांचे प्रश्न मागे पडतात.

इतरांची जबाबदारी

या बाबतीत बऱ्याच गोष्टी ग्रंथपालाच्या हाती नसतात. अल्प मानधनावर काम करणाऱ्या सेवकास एका दिवसाचा प्रवासखर्चही जड वाटतो. ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाने संघाच्या शिबिराचा दिवस कामाचा दिवस मानावा, प्रवासखर्च द्यावा आणि परतल्यानंतर तेथे काय शिकले याचे निवेदन मासिक सभेत ऐकून घ्यावे. मुख्याध्यापकांनी शालेय ग्रंथालय सांभाळणाऱ्या शिक्षकास अशा वर्गांना पाठवावे. ग्रामपंचायतीस शिबिरासाठी सभागृह देणे सहज शक्य आहे. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी नोंदवह्या पाहताना, ग्रंथपाल गेल्या वर्षी कोणत्या शिबिरास गेला होता, एवढा एक प्रश्न विचारला तरी संस्थांचे लक्ष त्याकडे वेधले जाईल.

12 ऑगस्ट हा डॉ. रंगनाथन यांचा जन्मदिवस ग्रंथपाल दिन म्हणून सर्वत्र साजरा होतो. त्या दिवशी प्रतिमेस हार घातला जातो व भाषणे होतात. त्याच दिवशी तालुक्यातील सर्व ग्रंथपालांना एका ग्रंथालयात बोलावून, प्रत्येकाने आपल्याला न सुटलेला एक प्रश्न बरोबर आणावा असे ठरविले, तर त्या दिवसाचे खरे सार्थक होईल. असा मेळावा भरविण्यास फारसा खर्च येत नाही. एक खोली, एक फळा आणि एकमेकांकडून शिकण्याची तयारी असली म्हणजे पुरे.