खरी प्रत कोणती?

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य पहाणीच्या उताऱ्यासाठी रांगेत उभ्या राहणाऱ्या चिटगुप्प्याच्या शेतकऱ्यालाही आता पाठ झाले आहे. या तीन शब्दांमागे कधी साधी वीज गेलेली असते, तर कधी डेटाबेस क्लस्टर कोसळलेला असतो. तो पुन्हा उभा करण्याचे काम पाठचिकित्सेच्या फार जवळचे आहे.

क्लस्टर म्हणजे एकच माहिती सांभाळणाऱ्या अनेक यंत्रांचा गट. नवी नोंद मुख्य यंत्रावर होते, बाकीची तिची नक्कल उतरवून घेतात. शिवाय प्रत्येक बदल आधी एका क्रमवार वहीत टिपला जातो. खतावणी फाटली तरी व्यापारी रोजकीर्दीवरून ती पुन्हा मांडतो. बंद पडलेले यंत्रही या वहीवरूनच सावरते.

एखादे यंत्र मेले तर फारसे अडत नाही. अडते ते यंत्रे जिवंत असून त्यांचा परस्परसंपर्क तुटला की. दोन्ही बाजू स्वतःला मुख्य समजून नोंदी घेऊ लागल्या, तर दोन पाठ तयार होतात. म्हणून बहुमताचा नियम असतो: पाचांपैकी तिघे ज्या बाजूला, तिनेच लिहावे; उरलेल्यांनी गप्प राहावे.

हा नियमही पुरतोच असे नाही. जगभरचे प्रोग्रॅमर आपले काम जिथे ठेवतात, त्या गिटहबचे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील केंद्र ऑक्टोबर 2018 मध्ये अवघे 43 सेकंद संपर्काबाहेर गेले. बहुमताने पश्चिमेकडील यंत्रांना मुख्य ठरवले. पण पूर्वेच्या शेवटच्या काही नोंदी तिकडे पोहोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेकडे नव्या नोंदी सुरू झाल्या होत्या. सेवा पूर्ववत व्हायला 24 तास 11 मिनिटे लागली, कारण घाईपेक्षा माहितीची शुद्धता मोलाची मानून काही कामे मुद्दाम थांबवली गेली आणि राखीव प्रतींवरून यंत्रे पुन्हा भरली गेली.

लेखन थांबवण्याचे मोल आपल्याकडे एकनाथांनी जाणले होते. शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केल्यावर, यापुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये, असे त्यांनी बजावले. गिटहबपुढे मात्र घातलेल्या ओव्यांचाच प्रश्न होता. एका गजबजलेल्या क्लस्टरमध्येच अशा 954 नोंदी अडकल्या होत्या. त्यांतल्या कोणत्या आपोआप जुळतील आणि कोणत्यांसाठी लिहिणाऱ्यालाच विचारावे लागेल, याची छाननी सेवा सुरू झाल्यावरही चालूच होती.