आधी ब्लॉकला विचार

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातलं बोअरिंगचं दुकान. बाकावर जुन्या ३५० सीसी बुलेटचा बिडाचा ब्लॉक ठेवलाय. शेजारी नव्या रिंगांचं पाकीट हातात धरून एक पंचविशीतला तरुण उभा आहे. गाडी त्याच्या वडिलांची. निळा धूर मारते, ऑईल खाते, किकला दम लागत नाही.

"स्टँडर्डच आणल्यात मेस्त्री. नुसत्या रिंगा टाकून भागंल न्हवं?"

मेस्त्री उत्तर देत नाहीत. रॉकेलच्या फडक्यानं ब्लॉक आतून पुसतात, पाकिटातली वरची रिंग काढतात आणि ब्लॉकच्या खालच्या तोंडातून आत सोडतात. मग जुन्या पिस्टननं ती हलकेच ढकलतात, म्हणजे ती तिरकी न राहता सरळ बसते. इथवर पिस्टनच्या रिंगा कधी पोचतच नाहीत, म्हणून बोअर अजून मूळ ७० मिलीमीटरचाच आहे. रिंगेच्या दोन टोकांमधल्या फटीत ते फीलर गेजची ०.३० ची पाती घालतात. किंचित अडत, घासत ती आत जाते.

"बरोबर हाय. पंचवीस मिलीमीटर बोअरला ०.१० फट, असा हिशेब. ह्याच्यापेक्षा लई कमी ठेवलीस तर गरम झाल्यावर टोकं एकमेकाला भिडत्यात आणि बोअर वरबडतोय."

आता रिंग वर सरकते. वरच्या काठाखाली बोटाला लागणारी पायरी आहे, तिच्या जरा खाली मेस्त्री थांबतात. मघाची पाती इथं सैल पडते. तिला ०.४० ची जोडतात. दोन्ही मिळून आत!

तरुण वाकून बघतो, मीही वाकतो. रिंग तीच, ब्लॉक तोच, आणि फट ०.३० ची ०.७० झालीय. पिस्टन वर येऊन परततो तिथंच जाळ सगळ्यात जास्त आणि ऑईलचा थर सगळ्यात पातळ, म्हणून झीजही तिथंच. व्यास जितका वाढतो त्याच्या तिपटीहून थोडी जास्त फट उघडते. म्हणजे इथं झीज ०.१३ च्या आसपास. मेस्त्री बोअर गेज आत उतरवतात. काटा तेच सांगतो. गेज काटकोनात फिरवल्यावर आकडा कमी येतो, म्हणजे बोअर अंडाकृतीही झालाय.

"मग मोठ्या साईजच्या रिंगा आणून टोकं कानशीनं घासली तर?"

हा सल्ला त्याला कुणीतरी दिलेला दिसतो. मीही तो पुष्कळदा ऐकलाय आणि दर वेळी चीड येते, कारण त्यात चांगल्या गाड्यांची वाट लागते. रिंग तिच्या ठरल्या मापातच पूर्ण गोल बसते. लहान बोअरमध्ये कोंबली की कुठं जास्त दाबते, कुठं बोअरला टेकतच नाही. त्यात हा बोअर वर रुंद, खाली अरुंद. प्रत्येक फेरीला रिंग उघडणार, मिटणार, खाच खाणार आणि एक दिवस तुटणार.

"न्हाई," मेस्त्री एवढंच म्हणतात. खडूनं ब्लॉकवर ७०.५० लिहितात.

"वरची रिंग क्रोमची घेऊ?"

"बिडाच्या बोअरला चालतीया. आतनं क्रोमचाच मुलामा असलेल्या ब्लॉकला मात्र कधी घालू नकोस, दोन्ही एकमेकाला खात्यात." ते हात पुसतात. "०.५० ओव्हरसाईजचा सेट आण. पिस्टन, पिन, रिंगा सगळं एकाच पाकिटातलं. पिस्टन मापल्याबिगर मी बोअर मारत न्हाई. होनिंग झालं की तिन्ही रिंगा तुझ्यासमोर मापतो. खूण केलेली बाजू वर, आणि फटी एका रेषेत येऊ द्यायच्या न्हाईत."

"आणि ह्या स्टँडर्डच्या?"

"बिल ठेवलंयस न्हवं? आत्ताच जा, दुपारी दुकान बंद असतंय."