नळदुर्गचा पूल आणि लातूरचे वीस दिवस

मराठवाडा मुक्तिसंग्रामाचा अमृतमहोत्सव २०२३ साली साजरा झाला, सरदार पटेलांच्या निर्धाराचे पारायणही यथासांग झाले; मात्र निजामाची राजवट पाच दिवसांत संपवणाऱ्या सैन्याचा आणि त्यामागोमाग लातूर-नांदेड भागात जे घडले त्याचा उल्लेख व्यासपीठांवर अभावानेच झाला.

त्या सैन्याचा कणा होता पहिली चिलखती डिव्हिजन, म्हणजे रणगाडे, तोफखाना आणि मोटारींतून हालणारे पायदळ यांचा एकत्रित सैन्यविभाग. १९४० साली उभारलेल्या या डिव्हिजनचा दुसऱ्या महायुद्धातील काळ बहुतांशी इराककडच्या पहाऱ्यात गेला आणि त्यात रेंगाळण्यासारखे फारसे काही नाही. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे मात्र मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली ती सोलापूरकडून निजामाच्या हैदराबाद संस्थानात शिरली आणि नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल अचानक हल्ल्याने शाबूत हाती आला; तो उडवला गेला असता तर वाहनांचा सारा तांडा ऐन पावसाळ्यात नदीकाठीच खोळंबला असता. जळकोटमार्गे रणगाडे आणि ९ डोग्रा ही मोटारींवरची पलटण त्याच दुपारी उमरग्यात पोचली. १७ तारखेला युद्धबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी निजामाचे सेनापती एल एद्रूस चौधरींना शरण आले.

हा मार्ग लातूरच्या दक्षिणेने गेला. लातुरात आले ते जालन्याकडून उतरलेले सैन्य, जे पुढे मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, गेले. रझाकार या निजामसमर्थक सशस्त्र संघटनेचा म्होरक्या कासीम रझवी लातुरातच वकिली करीत असे, आणि त्याच्या माणसांच्या जुलमाने गावेच्या गावे घर सोडून सरहद्दीपलीकडे गेली होती, हे मराठवाड्याला सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते पुढचे. सैन्य आल्यानंतरच्या हिंसाचाराची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड यांची नावे घेतली. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते, आणि तेथील मुसलमानांची कत्तल वीस दिवसांहून अधिक चालल्याची नोंद समितीने केली. हा अहवाल अनेक दशके दडवून ठेवला गेला, ही निव्वळ सरकारी भीरुता होती.

निजामाविरुद्धच्या लढ्यासाठी उमरीची बँक लुटणाऱ्या स्वातंत्र्यसैनिकांचे शौर्य या नोंदीने तसूभरही उणे होत नाही. १७ सप्टेंबरच्या शासकीय भाषणांत नळदुर्गच्या पुलाइतक्याच स्पष्टपणे लातूरचे ते वीस दिवसही यावेत.