तुरट वाइन, गोड गैरसमज

फ्रान्सच्या नैऋत्येला, पिरेनीज पर्वताच्या उत्तरेस, मादिराँ ही गडद लाल वाइन तयार होते. तिच्या ‘ताना’ द्राक्षांत टॅनिन भरपूर असते. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटते आणि सुपारी चघळल्यासारखी जीभ तुरट होते. तिथे ही वाइन बदकाच्या चरबीत शिजवलेल्या मांसाबरोबर घेतात; स्निग्धतेमुळे तुरटपणा सौम्य वाटतो.

या भागातील वाइनमध्ये रक्तवाहिन्यांना उपयुक्त प्रोसायनिडिन जास्त असल्याचे संशोधन २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. ‘वाइन हृदयाला चांगली’ या समजाला त्याने बळ मिळाले. पण तो परिणाम प्रयोगशाळेतील पेशींवर दिसला होता. शिवाय मद्यार्क कर्करोगकारक आहे. मद्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. प्रोसायनिडिन हवेच असतील, तर ते सफरचंदातही मिळतात.