काळजाचं चित्र कसं बनतं

हृदयाचा न्यूक्लियर स्कॅन झाला की हातात रंगीत कागद येतो. नारिंगी-पिवळ्या नालांच्या रांगाच रांगा. पुष्कळांना वाटतं, हा काळजाचा फोटो. तो फोटो नव्हे. मोजणीवरून गणितानं मांडलेलं ते चित्र आहे. मी बी.ए. झालेला कवी, माझं गणित मात्रा मोजण्यापुरतं. पण ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

शिरेतून दिलेल्या औषधात टेक्नेशियम-९९एम असतं. दर ६ तासांनी त्याचा किरणोत्सार निम्म्यावर येतो. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रानं १९६३ मध्ये रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केलं; अशा किरणोत्सारी औषधांचं काम तिथं कधीपासून चालतं. जिथं रक्त पोचतं, तिथल्या स्नायूत औषध साचतं आणि गॅमा किरण बाहेर पडतात. कॅमेरा छातीभोवती फिरत, जागोजागी थांबून ते मोजतो.

फिरायचं कशाला? बीबी का मकबऱ्याच्या कोपऱ्यावर कर्णरेषेत उभे राहा. पलीकडचा मिनार घुमटाआड जातो, तीनच दिसतात. चार पावलं सरका, चौथा हजर! अशा अनेक बाजूंच्या सावल्या संगणक उलट दिशेनं पसरवून एकमेकींवर ठेवतो. नुसत्या ठेवल्या तर सगळं धुकट होतं. ते धुकं काढण्याची सोपी गणिती रीत बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ मध्ये मांडली. त्यांच्या नावाची 'रॅम-लॅक' गाळणी जगभर ठाऊक आहे. दुसरी रीत अंदाजाची: आधी एक चित्र धरायचं, कॅमेऱ्याला त्यातून काय दिसलं असतं ते काढायचं, खऱ्या मोजणीशी ताडायचं, दुरुस्त करायचं, पुन्हा ताडायचं. फेऱ्या कमी झाल्या तर चित्र धूसर, फार झाल्या तर रवाळ. गझलेचा शेर घासणाऱ्यांना हे सांगायला नको.

पण काळीज थांबत कुठं? इथं ईसीजी कामाला येतो. त्यातलं उंच टोक म्हणजे तबल्यातली सम. समेपासून समेपर्यंतच्या वेळेचे ८ किंवा १६ भाग करतात. शेकडो ठोक्यांतले पहिले भाग एकत्र, दुसरे एकत्र. मग एकच ठोका पडद्यावर चालताना दिसतो आणि कुठली भिंत आळसावली आहे ते कळतं. नाडीच अनियमित असेल तर हा हिशेब बिघडतो.

आमच्या मोठ्या चाचांच्या अहवालात खालच्या भिंतीवर डाग होता. घरात सन्नाटा. पुढं लिहिलं होतं, 'हालचाल चांगली'. डाग म्हणजे मेलेला स्नायू असता, तर ती भिंत आकुंचनाच्या वेळी नीट जाड झाली नसती. पुरुषांत पोटाचा पडदा खालच्या भिंतीचे किरण अडवतो, त्याची सावली पडते. चाचांना पालथं झोपवून पुन्हा चित्रं घेतली, डाग गेला. मात्र हालचाल चांगली म्हणून रक्तवाहिनी मोकळीच, असं कुणी समजू नये. श्रमानंतर दिसणारा आणि विश्रांतीत भरून येणारा डाग वेगळा. त्याच्यासाठी दोन्ही वेळची चित्रं शेजारी ठेवून पाहावी लागतात.

मोजणीचे आठ वाटे केले की प्रत्येक वाट्याला किरण थोडे येतात, चित्र रवाळ होतं. ते मऊ करावं तर कडा पुसट होतात. लहान हृदयात, आणि ती बायकांत अधिक आढळतात, आकुंचनाच्या शेवटी समोरासमोरच्या भिंती चित्रात एकमेकींत मिसळतात. आतली पोकळी आहे त्याहून लहान मोजली जाते. कप्प्यात १०० मिलिलिटर रक्त असून ६० बाहेर गेलं तर ६० टक्के. पोकळी लहान मोजली की हा आकडा फुगतो, आणि दुबळं होत चाललेलं काळीज कागदावर तगडं दिसू शकतं. घरच्या बाईच्या अहवालात ७५-८० टक्के दिसले म्हणून पेढे वाटण्याआधी डॉक्टरांना विचारावं, हृदय लहान आहे का? जाणते डॉक्टर नुसत्या आकड्यावर जात नाहीत. पडद्यावर ते चालतं काळीज लावून एकेक भिंत पाहतात.