मोटारीचा ठावठिकाणा आणि हौशी रेडिओ

टिपेश्वरच्या अरण्यातून निघालेला एक तरुण वाघ 1,300 किलोमीटरांहून अधिक मजल मारून 2019 च्या डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात दाखल झाला, तेव्हा त्याच्या गळ्यातील रेडिओ-पट्ट्याची वार्ता सर्वतोमुखी झाली. आणि अशा वार्तांमुळेच, आकाशातला उपग्रह आपल्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवून असतो, ही समजूत दृढ होत जाते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून भ्रमण करणारे जीपीएसचे उपग्रह केवळ वेळेचे व स्वतःच्या स्थानाचे संकेत प्रसृत करतात. त्यांवरून अक्षांश-रेखांश काढण्याचे काम खालचे यंत्र करते, आणि ते इतरांस कळवायचे तर निराळा प्रेषक लागतो.

हौशी रेडिओचे परवानाधारक, ज्यांना हॅम म्हणतात, तो प्रेषक मोटारीत बसवतात. बॉब ब्रुनिंगा या अमेरिकन अभियंत्याने विकसित केलेल्या एपीआरएस पद्धतीत कॉलसाइन, स्थान, वेग आणि दिशा एवढा मजकूर 1200 बॉड गतीने, कानाला चिरका भासणाऱ्या क्षणभराच्या ध्वनीतून प्रक्षेपित होतो. यास मोबाइलचे जाळे लागत नाही. इंटरनेटच्या नकाशावर तो दिसतो, पण एखाद्या केंद्राने ऐकून पुढे पाठवला तरच.

मात्र 144 ते 146 मेगाहर्ट्झच्या या लहरी डोंगर भेदून जातात, असे मानणाऱ्याने बुलढाण्याहून खामगावकडे बोथा घाट उतरताना विचार करावा. वळणागणिक कडा आडवा येतो आणि संदेश तेथेच विरतो. उंच माथ्यावर तो ऐकून पुन्हा प्रक्षेपित करणारा डिजिपीटर असेल, तरच तो घाटाखाली पोहोचतो.

ही गुप्त पाळतीची युक्ती आहे, हा आक्षेप तर सर्वस्वी निराधार होय, कारण हौशी सेवेत गूढलिपीस मज्जाव असून प्रत्येक संदेशात पाठवणाऱ्याचे कॉलसाइन उघड असते. खामगावच्या व्यापाऱ्यास आपले कापसाचे ट्रक यावर शोधता येणार नाहीत; व्यापारी उपयोगास या सेवेत मुभाच नाही. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपात हॅम मंडळींनी निरोप पोहोचवले, ते अशाच निरपेक्ष वृत्तीने.

बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणासही केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवता येतो. जिल्ह्यातील होतकरू तरुणांनी आधी ती परीक्षा द्यावी, आणि संच त्यानंतरच खरेदी करावा.